घुमी पोर पाचवीला जाते तेव्हा

ताई, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. मुलगी वस्तीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत आहे. पट तेवीस, शिक्षक दोन. शाळा चौथीपर्यंतच, म्हणून जूनपासून चार किलोमीटरवरच्या हायस्कूलला पाचवीत घालायची. अभ्यासात बरी आहे, पण घुमी. परक्या माणसासमोर तोंडातून शब्द निघत नाही. तर सुट्टीत तिची कसली तयारी करून घ्यावी, सेमी-इंग्रजीला घालावं का, आणि क्लास लावावा का?

मी जुन्नर तालुक्यातल्या एका विद्यालयात एकतीस वर्षं नोकरी केली. त्यातली बावीस वर्षं पाचवीची वर्गशिक्षिका होते. आसपासच्या दहा-बारा वाड्या-वस्त्यांवरून चौथी पास पोरं आमच्याकडे यायची. त्यावरून आधीच सांगून टाकते, पाचवीत पोरं पुस्तकाला अडत नाहीत. पाचवीचं पुस्तक चौथीच्या मानानं फार अवघड नाहीच. ती अडतात दुसरीकडे. कालपर्यंत एका गुरुजींना तिचं सगळं ठाऊक होतं. घर कुठलं, आजी आजारी आहे का, भागाकारात कुठे चुकते, गप्प बसली तर रुसलीय की पोट दुखतंय, सगळं. आणि आज तिच्यासमोर दिवसात सहा-सात शिक्षक येऊन जातात आणि त्यांतल्या एकालाही काही ठाऊक नसतं. वर्गात पन्नास-साठ डोकी. आता न सांगता कुणाला काही कळणार नाही.

हे मला एका पोरानं शिकवलं. पाचवीचा पहिला आठवडा, मी हजेरी घेत होते. ‘ज्ञानेश्वर’ असं नाव पुकारलं की वर्ग गप्प. चार दिवस मी लाल शाईनं गैरहजेरी मांडली. पाचव्या दिवशी त्याच्या वस्तीवरच्या एका मुलाला म्हटलं, “अरे, त्या ज्ञानेश्वरला निरोप दे, शाळेत ये म्हणावं.” तो म्हणाला, “बाई, हा काय बसलाय!” तिसऱ्या बाकावर, नव्या शर्टाची घडीसुद्धा मोडलेली नाही असा पोरगा. घरी त्याला माउली म्हणत, गुरुजीही माउलीच म्हणत. दाखल्यावरचं नाव त्याच्या कानावर कधी पडलंच नव्हतं. “मला वाटलं दुसरा कुणी असंल,” म्हणाला. आपलं नाव यादीत नाही असं समजून तो चार दिवस चुपचाप बसून राहिला होता. पुढचं ऐका. खिचडीच्या वेळी तो मागच्या लिंबाखाली जाऊन बसायचा. नाव नाही तर खिचडी कशी मागायची?

माझ्या समोर बसलेलं मूल चार दिवस उपाशी राहिलं आणि मी त्याला गैरहजर मांडत होते. चूक माझीच. पण त्या दिवसापासून पाचवीच्या पालकांना मी एकच गोष्ट सांगत आले. लेकराला बडबडं करायला जाऊ नका. घुमं मूल घुमं राहिलं तरी त्याचं काही अडत नाही. त्याला चार-पाच वाक्यं मात्र तयार पाहिजेत, अगदी पाढ्यासारखी तोंडात बसलेली. पहिलं वाक्य: “बाई, माझं नाव राहिलं.” आणि त्याच्याही आधी, दाखल्यावरचं स्वतःचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आडनाव मोठ्या आवाजात सांगता आलं पाहिजे. घरात ती चिमी असेल, पिल्लू असेल. मे महिनाभर दिवसातून दोनदा तिला पूर्ण नावानं हाक मारा. हसेल. हसू द्या.

आता बेलचं सांगते, कारण पहिल्या महिन्यातलं निम्मं रडणं बेलपायी असतं. वस्तीशाळेत गुरुजी फळ्यावर लिहितात आणि शेवटच्या मुलाचं होईपर्यंत थांबतात. हायस्कूलला तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा. सर येतात, लिहू लागतात. इकडे आपलं पोर वही काढतं, पट्टी शोधतं, समास आखतं, वर तारीख, वार, धड्याचं नाव, खाली दोन रेघा. चौथीत हे नीट केलं की शाबासकी मिळायची ना! तोवर सरांचा फळा निम्मा भरलेला. हे दुसऱ्या ओळीवर असताना बेल वाजते, सर डस्टर फिरवून निघून जातात आणि दारात दुसऱ्या बाई उभ्या असतात. मूल अजून मागच्याच विषयाची वही धरून आठवून-आठवून लिहीत असतं. म्हणजे पुढच्या तासाचंही राहिलं. मधल्या सुट्टीपर्यंत तीन वह्या अर्धवट. शनिवारी वही तपासायला जाते, लाल शाईत ‘अपूर्ण’ असा शेरा येतो, आणि चौथीपर्यंत नीटनेटकं म्हणून नाव असलेलं मूल रात्री पोटात दुखतंय म्हणू लागतं.

इथं एक साधी युक्ती असते, पण ती मुलांना कुणी सांगत नाही: जागा सोडायची. राहिलेल्या ओळी सोडून द्यायच्या, फळ्यावर आत्ता जे चाललंय तिथून लिहायला लागायचं, आणि राहिलेलं मधल्या सुट्टीत शेजारणीच्या वहीतून उतरवून घ्यायचं. वहीत जागा सोडायला परवानगी असते हेच चौथीच्या मुलाला माहीत नसतं. त्याला तो गुन्हा वाटतो. तुम्ही तिला घरी हे एकदा करून दाखवा. आणि दुसरं वाक्य: “सर, तेवढी बाजू राहू द्या, माझं राहिलंय.” हे वाक्य मी वर्गात सगळ्यांकडून मोठ्यानं म्हणवून घ्यायचे. आमचे भूगोलाचे सर त्यावरून माझ्यावर वैतागायचे, पण फळा ठेवायचे.

फळ्यावरचं उतरवण्याचा सराव घरी होतो. कालनिर्णयचं पान उलटं करून, मागचा मजकूर दिसेल असं भिंतीला लावा. चार-पाच हातांवर तिला बसवा. मोठ्या अक्षरांचे मथळे, आणि जमतील तेवढ्या ओळी, उतरवू द्या. रोज दहा मिनिटं पुरे. यात दोन कामं होतात. बघून लिहिताना ती एकेक अक्षर बघते की दोन-तीन शब्द एकदम डोक्यात धरते, ते तुमच्या लक्षात येईल. एकेक अक्षर बघत असेल तर तिला आधी तीन शब्द मोठ्यानं म्हणायला लावा, मग मान खाली. पंधरवड्यात वेग वाढतो. दुसरं म्हणजे डोळे. ती पुढं सरकत असेल, डोळे बारीक करत असेल, तर जूनची वाट न बघता चष्म्याचा नंबर तपासून घ्या. मागच्या बाकावरच्या कितीतरी ‘ढ’ पोरांचा ढ-पणा मी चष्मा लागल्यावर उतरलेला पाहिलाय.

अभ्यासाचं एवढंच बघा. चौथीचं कुठलंही न वाचलेलं पान समोर ठेवा आणि मोठ्यानं वाचायला सांगा. अडखळली तर हरकत नाही, पण अक्षरं जुळवत वाचत असेल तर सुट्टीचं काम तेच. बाकी सगळं बाजूला ठेवा. तसं असेल तर घाबरूही नका, ती एकटी नाही. ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेच्या ‘असर’ पाहणीत गावोगावच्या मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला देतात. २०२२ आणि २०२४ या दोन्ही वेळी देशभरातल्या ग्रामीण भागात पाचवीतल्या निम्म्याहून कमी मुलांना तो नीट वाचता आला. त्याच पाहणीत तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागायचं गणित असतं. तेही घालून बघा. हातच्याची वजाबाकी आणि हा भागाकार आला, दहापर्यंतचे पाढे मधूनच विचारले तरी आले, की पाचवीच्या गणिताला पाया आहे. एकवीस ते तीसचे पाढे घोकून घेणारे पालक मला भेटलेत. त्यांच्या पोरांना सात आठं छप्पन्न म्हणायला सात एकं सातपासून सुरुवात करावी लागायची.

पाचवीत गणितात खरी गाठ पडते ती अपूर्णांकाशी. एक छेद तीन मोठा की एक छेद चार, विचारलं की निम्मा वर्ग ‘चार मोठा’ म्हणून ओरडतो. त्यासाठी पुस्तक लागत नाही. भाकरी करताना तिला हाताशी घ्या. एक भाकरी तिघांत वाटली तर तुकडा मोठा की चौघांत? हे तिच्या हातून दहा वेळा होऊ द्या. ‘अंश’ आणि ‘छेद’ हे शब्दही तिथंच, तव्यापाशी वापरा.

हिंदी बहुतेक मुलांची पाचवीत नव्यानं सुरू होते. त्याचा बाऊ नको. टीव्हीनं कान तयार असतात. फक्त ‘मेरा आवाज’ लिहितील. आपल्याकडे तो आवाज, हिंदीत ती. वर्षभरात सुटतं.

सेमीचं विचारलंत. सेमी म्हणजे गणित आणि पुढं विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. खरं बोलू का? निम्मे पालक सेमी इंग्रजीसाठी निवडत नाहीत, तुकडीसाठी निवडतात. ‘हुशार पोरं अ तुकडीत असतात आणि अ तुकडी सेमी’ असा हिशेब असतो. तो हिशेब पुष्कळ शाळांत खराही असतो, म्हणून तुम्हाला दोष देत नाही. पण दोन गोष्टी बघून ठरवा. पहिली, वर सांगितलेलं वाचन आणि गणित मराठीतून पक्कं आहे का. ज्या मुलाला छेद म्हणजे काय हे कळलंय ते ‘डिनॉमिनेटर’ हा शब्द पंधरा दिवसांत उचलतं. ज्याला छेदच कळला नाही त्याच्यावर आता दोन ओझी, एक न कळलेली गोष्ट आणि एक न कळलेला शब्द. दुसरी गोष्ट, ते गणित शिकवणार कोण? शाळेत जाऊन विचारा. आणि हेही विचारा की नाही झेपलं तर दिवाळीनंतर मराठीच्या तुकडीत घेणार का. मुख्याध्यापक ‘बघू’ म्हणाले तर समजा नाही. तुमची मुलगी घुमी आहे, म्हणजे ‘कळलं नाही’ हे ती मराठीतसुद्धा सांगणार नाही. मी तुमच्या जागी असते तर पाचवी मराठीतून काढली असती आणि पुढे गरज वाटली तर आठवीला सेमीचा विचार केला असता. पण ही माझी पसंती झाली. मुलगी वाचनात तरबेज असेल आणि गणिताचे सर चांगले असतील तर बिनदिक्कत सेमीला घाला.

क्लास पहिल्या सत्रात अजिबात नको. सकाळी नऊला घर सोडणार, संध्याकाळी सहाला येणार, वर क्लास म्हणजे तिनं दम खायचा कधी? आणि क्लासच्या वहीत सगळं तयार उतरवून मिळालं की ती वर्गात विचारायला शिकतच नाही. आपल्याला तर तेच शिकवायचंय. केंद्र सरकारच्या निवासी नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेसाठी क्लास लावा म्हणून कुणी मागे लागेल. ती परीक्षा पाचवीत असताना एकदाच देता येते. ८० प्रश्न, १०० गुण, आणि एका विद्यालयात सहावीला जागा फार तर ८०. जिल्ह्यातली हजारो पोरं बसतात. बसवा जरूर, पण पाचवीचं सगळं वर्ष त्यावर ओवाळून टाकू नका.

एक नियम मात्र माहीत असू द्या. पूर्वी आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवत नसत. राज्यात २०२३-२४ पासून पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा सुरू झाली. नापास झालं तर जूनमध्ये पुन्हा परीक्षा, त्यातही नाही जमलं तर त्याच वर्गात. भीती घालण्यासाठी सांगत नाही. तीन-चार विषयांच्या वह्या सहामाहीपर्यंत अपूर्ण राहिल्या तर मार्चमध्ये धावपळ होते, म्हणून सांगते. मुलीसमोर ‘नापास करतात हं आता’ हे वाक्य घरात कुणी उच्चारायचं नाही. आजोबांनीसुद्धा.

दप्तर तिनं स्वतः भरायचं. रात्री जेवणाआधी, उद्याचं वेळापत्रक बघून. शासनाच्या २०१५ च्या निर्णयानुसार दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर जाता कामा नये. म्हणजे पोर २७ किलोचं असेल तर दप्तर पावणेतीन किलोच्या आत. मी एकदा वर्गात काटा आणून एका मुलाचं दप्तर मोजलं, साडेसहा किलो भरलं. आत सगळ्या विषयांची पुस्तकं, सगळ्या वह्या, आणि चौथीचीही पुस्तकं. “चौथीची कशाला रे?” तर म्हणे, “लागली तर.” ज्याला वेळापत्रकावर भरवसा नाही ते मूल घरच पाठीवर घेऊन येतं. यात एक मेख आहे. जूनमध्ये शाळेचं वेळापत्रक कच्चं असतं, दोन-तीन आठवड्यांनी पक्कं लागतं. तेवढे दिवस चुकामूक होणारच. एखादं पुस्तक विसरली तर लगेच दुचाकीला किक मारून पोचवायला जाऊ नका. शेजारणीच्या पुस्तकात बघेल. शेजारणीशी पहिलं बोलणं पुष्कळदा अशाच विसरलेल्या पुस्तकावरून होतं.

आता जे शाळेत कुणी नीट बोलत नाही ते. संध्याकाळी ती आली की दप्तराआधी पाण्याची बाटली बघा. सकाळची बाटली तशीच भरलेली परत येत असेल तर समजा की ती दिवसभर पाणी पीत नाहीये, कारण तिला शाळेतल्या मुतारीत जायचं नाहीये. तिथं घाण असेल, कडी नसेल, मोठ्या मुली दारात उभ्या राहत असतील किंवा तासाला ‘बाहेर जाऊ का’ विचारायची लाज वाटत असेल. माझ्या वर्गातल्या मुलींत डोकेदुखी, चक्कर, लघवीची जळजळ यामागे बहुतेक वेळा हेच निघायचं. कडी नसेल तर ते वर्गशिक्षिकेला आणि शाळा व्यवस्थापन समितीला सांगायचं काम तुमचं, तिचं नव्हे. तिचं काम एवढंच, तिसरं वाक्य: “बाई, बाहेर जाऊ का?” आणि सुरुवातीला दोघी-दोघींनी जायचं.

पाळीबद्दल पाचवीला जायच्या आधी सांगा. ‘अजून लहान आहे’ म्हणून थांबू नका. दहाव्या-अकराव्या वर्षी पाळी आलेल्या मुली मी दर वर्षी पाहिल्या आहेत. आईनं सांगितलेलं नसलं की त्या पोरीला वाटतं आपल्याला काही भयंकर झालंय. दप्तराच्या आतल्या कप्प्यात एक पॅड, एक निकर आणि जुन्या वर्तमानपत्राचा कागद, एवढं एका छोट्या पिशवीत घालून द्या. आणि शाळेत कुणाकडे जायचं ते नाव सांगून ठेवा. वर्गशिक्षक सर असतील तर कुठल्याही बाई. नाहीतर शाळेतल्या शिपाई मावशी. आमच्याकडच्या मावशींनी या बाबतीत आम्हा सगळ्या पदवीधरांपेक्षा जास्त मुली सांभाळल्या.

रस्त्याचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण चार किलोमीटर म्हणजे विचार करायला हवा. एसटी जात असेल तर पाचवीपासून बारावीपर्यंत मुलींचा पास फुकट आहे, अहिल्यादेवी होळकरांच्या नावाच्या योजनेतून. मुलग्यांना तिकिटाच्या एक तृतीयांश पैसे भरावे लागतात. २०२४ पासून एसटीचे लोक शाळेतच येऊन पास देऊ लागले. तरी बोनाफाइड जूनच्या पहिल्या आठवड्यात मागून ठेवा. चालत किंवा सायकलनं जाणार असेल तर मे महिन्यातच तो रस्ता तिच्याबरोबर दोन-तीनदा चाला, एकदा तरी संध्याकाळी पाचला. आमच्याकडे दोन्ही बाजूंना ऊस आणि उसात बिबट्या, त्यामुळे पोरांना घोळक्यानं, मोठमोठ्यानं बोलत, लहान पोरांना मध्ये घेऊन यायला शिकवावं लागायचं. थंडीत दिवस लवकर मावळतो तेव्हा शेवटचा तास खेळाचा असेल तर लांबच्या पोरांना आम्ही आधी सोडायचो. तुमच्या भागात बिबट्या नसेल, पण ओढा असेल, हमरस्ता असेल. वस्तीवरची मोठी मुलगी, सातवी-आठवीतली, हेरून ठेवा आणि तिच्या आईशी बोला. पहिल्या महिन्यात ती पोरगी तुमच्या मुलीला जेवढं शिकवेल तेवढं मी पाचवीच्या वर्षभरात शिकवलं नसेल.

मैत्रिणींचं. वस्तीवरून दोघी-तिघी बरोबर येतात, पहिले पंधरा दिवस चिकटून बसतात. मग त्यांतली एक दुसऱ्या घोळक्यात जाते आणि आपलीला घरी येऊन रडू फुटतं. अशा वेळी त्या मुलीच्या आईला फोन करू नका. चार दिवस थांबा. कट्टी-बट्टी ही पाचवीतली रोजची हवा आहे. पण ‘वस्तीवरची’, ‘झेडपीची’ असं कुणी हिणवत असेल, रंगावरून, कपड्यांवरून नाव ठेवत असेल, तर चौथं वाक्य हवं: “मला तसं म्हणू नकोस.” मोठ्यानं, तिच्याकडे बघून, एकदाच. त्यावर वाद घालायचा नाही, निघून यायचं. हे घरात भावाबरोबर खेळून बसवता येतं; मुलांना अशी नाटकं आवडतात. आणि जातीवरून कुणी बोललं, किंवा कुणी अंगाला हात लावला, तर ते पोरांवर सोडायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही शाळेत, मुख्याध्यापकांसमोर. लेखी.

पाचवं वाक्य सगळ्यात अवघड: “मला हे कळलं नाही.” हे भर वर्गात ती वर्षभर म्हणणार नाही, आणि तसा हट्ट धरू नका. तास सुटताना, शिक्षक दाराकडे जात असताना, वही हातात घेऊन जवळ जायचं आणि बोट ठेवून दाखवायचं: ‘इथं’. तेवढं पुरतं. बहुतेक शिक्षक थांबतात. एक-दोन खेकसतील, त्यांच्या बाबतीत शेजारणीला विचारायचं. घुम्या मुलांचा एक गुण मी पाहिलाय, ती बोलत नाहीत पण नीट बघतात. कुठले सर खेकसतात ते त्यांना सगळ्यांच्या आधी कळलेलं असतं.

सहावीत दुसरा धक्का असतो, त्याला मात्र पुस्तकच कारण. परिसर अभ्यास संपतो. सामान्य विज्ञान, इतिहास-नागरिकशास्त्र, भूगोल अशी वेगळी पुस्तकं येतात. गणितात शून्याच्या खालच्या संख्या येतात. तोवर मुलीची उंची वाढलेली असते, घरात बोलणं कमी झालेलं असतं. सहावीच्या मुलांचे आई-बाप माझ्याकडे येऊन हेच म्हणायचे: “बाई, पहिल्यासारखी सांगत नाही काही.” ‘आज काय शिकवलं’ असं दारातच विचारू नका, उत्तर ‘काही नाही’ येतं. शेंगा फोडायला बरोबर बसवा, मेथी निवडायला द्या, आणि तुम्हीच तुमच्या दिवसातलं काहीतरी सांगा. शेंगांची अर्धी पाटी झाली की ती बोलायला लागते. त्यात एखादा शिक्षक, एखादी मैत्रीण, एखादा मुलगा, कुणाचंही नाव येईल. तेव्हा हातातली शेंग खाली ठेवायची नाही आणि डोळे मोठे करायचे नाहीत. मला स्वतःच्या मुलीच्या वेळी हे जमलं नव्हतं, मी डोळे मोठे केले होते. पुढं दोन वर्षं ती तिच्या मावशीला सांगायची.

मोबाइल तिला स्वतःचा नको, एवढंच म्हणते. वर्गाच्या ग्रुपवर गृहपाठ येतो तो तुमच्या फोनवर येऊ द्या, आणि तो तिला वाचून दाखवू नका; तिनं मागून घ्यायचा.

आता लगेच करायची कामं. १ मेला निकाल मिळेल. दाखला काढताना तिचं नाव, तुमचं नाव, जन्मतारीख आणि आडनावाची वेलांटी-उकार आधारशी ताडून बघा. चूक असेल तर तिथंच गुरुजींकडून दुरुस्त करून घ्या. दहावीच्या प्रमाणपत्रावर एकदा चुकीचं छापलं की चपला झिजतात. मे महिन्यात एखाद्या दिवशी हायस्कूल उघडं असताना तिला घेऊन नुसता एक फेरा मारा: नळ कुठं, मुतारी कुठं, पाचवीचे वर्ग कुठल्या बाजूला. शाळा सुरू झाली की पहिल्या आठवड्यात वर्गशिक्षकांना चिठ्ठी द्या. पाच ओळींची, जास्त नको. साठ पालकांच्या चिठ्ठ्या वाचायच्या असतात. घरी काय हाक मारता ते लिहा. वर्गात बोलत नाही, पण जवळ बोलावून विचारलं तर सांगते, असं लिहा. दुखणं काही असेल तर ते. कुणाबरोबर येते-जाते ते. आणि खाली तुमचा फोन नंबर. ‘लक्ष द्यावे ही विनंती’ लिहू नका, ते सगळेच लिहितात.